ऊन आणि उजेड: वॉर्डाच्या खिडकीतून नेमकं काय यायला हवं?

"खोलीत भरपूर ऊन येतंय, उजेड मस्त आहे." कोल्हापुरात घर बघायला गेलं तरी हे वाक्य कानावर येतं, आणि दवाखान्याची खोली बघायला गेलं तरी. आईच्या ऑपरेशननंतर तिच्या कॉटशेजारी नऊ दिवस बसलो, तेव्हा कळलं की या दोन गोष्टी एक नाहीत. कधीकधी तर एक आली की दुसरी जाते.

तिची खिडकी पश्चिमेला होती. दुपारचे तीन वाजले की ऊन थेट उशीवर. "अरे, तो पडदा ओढ की जरा," आई म्हणायची. एकदा ओढलेला तो जाड हिरवा पडदा दुसऱ्या दिवशीही कुणी उघडायचं नाही, कारण तीनला पुन्हा ओढायचाच असायचा. म्हणजे सकाळी आठलासुद्धा वॉर्डात ट्यूबलाइट. ऊन टाळायच्या नादात उजेडही गेला आणि बाहेरचं शेवग्याचं झाडही.

ऊन म्हणजे सूर्याकडून सरळ आलेले किरण. उजेड म्हणजे आभाळातून, ढगांतून, पानांतून, समोरच्या भिंतीवरून विखरून आलेला प्रकाश. आषाढात आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, पण दिवस उजाडतोच. कडक उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर हजारो लक्स मिळतात आणि वॉर्डातल्या ट्यूबखाली जेमतेम काहीशे. डोळ्यांच्या आत, मागच्या बाजूच्या पडद्यात (रेटिनात) काही पेशी अशा आहेत, की दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं हेच त्यांचं मुख्य काम. निळसर प्रकाश त्यांना चांगला कळतो. त्यांना अंगावर ऊन लागत नाही, भरपूर उजेड लागतो. दिवसा अंधूक आणि रात्रीही दिवे चालू, अशा वॉर्डात शरीराचं घड्याळ बिघडतं. वयस्कर पेशंट रात्री दोनला "घरी चला" म्हणत उठून बसतात, त्याला हेही एक कारण असतं.

'ड' जीवनसत्त्वासाठी काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

उन्हाच्या बाजूनेही पुरावा आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खोलीत सूर्यप्रकाश जास्त होता, त्यांना वेदनाशामक औषधं तासाला सरासरी 22 टक्के कमी लागली. पण पिट्सबर्ग 40 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आपण साडेसोळाच्या थोडे वर. तिथलं हवंहवंसं ऊन इथे एप्रिलमध्ये पेशंटच्या अंगावर सोडता येत नाही.

मावळतीचं ऊन किती आत शिरतं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव तोच तर आहे! नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी सूर्य अस्ताला जाताना किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात, देवीच्या चरणांपर्यंत जातात. इतक्या खालून येणाऱ्या किरणांना छज्जा काय अडवणार? एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीला जेमतेम फूटभर सावली देतो. तोच छज्जा दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर असेल, तर फेब्रुवारीअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचं ऊन पूर्ण अडवतो आणि थंडीत थोडं आत येऊ देतो. उत्तरेला तर बहुतेक नुसता उजेडच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पश्चिमेला जिने, स्टोअर, बाथरूम द्या, कॉट उत्तरेच्या नाहीतर दक्षिणेच्या खिडकीशी ठेवा. आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकाला हे पक्कं माहीत होतं.

जिथे पश्चिम टळत नाही, तिथे झाड लावा. पानं उन्हाचा उजेड करतात. शिवाय झाड नुसतं दिसण्यानेही फरक पडतो. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या 46 पेशंटची नोंद मांडली होती. खिडकीतून झाडं दिसणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे 8.70 दिवसांत. मात्र खिडकीचा कट्टा कॉटवर आडव्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली हवा. आपल्याकडे तो बसलेल्या माणसाच्या हिशोबाने बांधतात आणि पेशंटला दिसतो तो फक्त पंखा.

पाचव्या दिवशी आईला उत्तरेच्या कॉटवर हलवलं. पडदा नव्हताच, बाहेर बदामाचं झाड होतं. त्या संध्याकाळी ती घड्याळ न बघता म्हणाली, "सहा वाजत आले असतील, साळुंक्या परतायला लागल्या."