हनोईला चार दिवस: ई-व्हिसाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

तळ्याकाठी फिरायचं, सकाळी वाफाळता फो (नूडल्सचं सूप), दुपारी बुन चा (भाजलेलं मांस आणि नूडल्स) आणि संध्याकाळी अंड्याची कॉफी, असा व्हिएतनामच्या राजधानीचा, हनोईचा बेत चार-पाच दिवसांत आरामात बसतो. मुंबईहून थेट विमानंही आहेत. मात्र भारतीय पासपोर्टवर हनोईत व्हिसाशिवाय उतरता येत नाही. व्हिएतनामच्याच फुकोक बेटाला ३० दिवसांची वेगळी सूट आहे, तिचा राजधानीच्या सहलीला काही उपयोग नाही. आपल्याला लागतो तो ई-व्हिसा. तो घरबसल्या मिळतो, एजंटची गरज नाही. अर्ज सोपाच आहे, पण आपल्या मराठी पासपोर्टवाल्यांची गाडी त्यातल्या चार-पाच रकान्यांत हमखास अडते. म्हणून हा लेख.

कोणाला मिळतो, किती दिवसांचा

१५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं. एकदाच प्रवेशाचा घेतला तर २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा घेतला तर ५० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, त्यावर सगळं ठरतं. समजा लंडनचा भाचा थेट हनोईत येऊन तुम्हाला भेटणार आहे. त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर त्याला ४५ दिवस व्हिसा लागत नाही, तुम्हाला लागतो. अमेरिकेचा पासपोर्ट असलेल्या मुलीला मात्र तुमच्यासारखाच अर्ज करावा लागेल. तिच्या ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) इथे काही संबंध नाही.

एकदा की अनेकदा, हे ठरवण्याआधी नकाशा उघडा. हालाँगचा उपसागर किंवा निन्ह बिन्ह व्हिएतनाममध्येच आहे, तिथे जाऊन परत हनोईला आलात तरी एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. पण मध्येच दोन दिवस अंगकोर वाट बघायला कंबोडियात जाऊन पुन्हा हनोईहून परतीचं विमान धरायचं असेल, तर ५० डॉलरवालाच घ्या. २५ डॉलर वाचवायला जाल आणि परत येताना दारातच अडकाल.

हाताशी काय ठेवायचं

पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान ६ महिने शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ फोटो किंवा स्कॅन लागतो. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि खालच्या बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळींवर चकाकी नको. दुसरा फोटो तुमचा स्वतःचा: समोर बघणारा, चष्म्याविना, साध्या पार्श्वभूमीवर. याशिवाय ई-मेल, हनोईतल्या हॉटेलचा पत्ता, आणि अडीअडचणीला संपर्क करण्यासाठी भारतातल्या नातेवाइकाचं नाव, पत्ता, फोन.

पैसे कार्डानेच भरायचे असतात. आपल्या बँका कार्डावरचे परदेशी व्यवहार बहुधा बंदच ठेवतात, तेव्हा आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करा.

अर्ज भरताना

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. गूगलवर सगळ्यात वर दिसणारी, तशाच रंगरूपाची पण ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’वाली दुकानं दलालांची असतात. तिथे दुप्पट-तिप्पट पैसे जातात आणि पासपोर्टचा फोटो परक्या हातात जातो, तो वेगळाच.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे बोलताना नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन्ही नावं एकत्र. पासपोर्टच्या अगदी खालच्या भागातली पहिली ओळ बघा: देशाच्या अक्षरांनंतर आडनाव, मग दोन खुणा, मग पुढची नावं. अर्जात तसंच उतरवायचं. मधलं नाव ‘कशाला एवढं लांब’ म्हणून गाळू नका.

दुसरी अडचण तारखेची. मुंबईहून रात्री उशिरा निघालात की उतरता दुसऱ्या दिवशी, शिवाय हनोईचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. व्हिसावरची तारीख म्हणजे दार उघडण्याची तारीख. त्यानंतर मुदतीत केव्हाही जाता येतं, आधी नाही. त्यामुळे उतरण्याच्या एक-दोन दिवस आधीची तारीख टाकणं शहाणपणाचं. मुदत ३० दिवसांची मागितली तरी किंमत तीच, हात आखडू नका.

येण्याच्या आणि जाण्याच्या ठिकाणात हनोईचा नोई बाय विमानतळ निवडा. पत्त्याच्या रकान्यात थोडा गोंधळ होतो. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्ह्याची पायरीच काढून टाकली, पण हॉटेल बुक करण्याच्या साइटवर जुनेच पत्ते दिसतात. हॉटेलला मेल करून नवा पत्ता मागवणं बरं.

आणखी एक रकाना आहे: तुमच्या पासपोर्टवर नोंदलेली १४ वर्षांखालची मुलं. आईवडील इथे चिमुकल्याचं नाव भरून निश्चिंत होतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाचाही पासपोर्ट वेगळा असतो, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवायचा आणि मुलाचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र फी.

पैसे भरले की नोंदणी क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. सरकारी मुदत कामकाजाच्या ३ दिवसांची, पण तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबरच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर लांबते. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा. मेलची वाट बघत बसू नका, क्रमांक, ई-मेल आणि जन्मतारीख टाकून संकेतस्थळावरच स्थिती बघा. व्हिसा उतरवून घेतला की नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख एकेक अक्षर ताडून पाहा आणि दोन प्रती छापा. एक प्रत विमान कंपनीच्या काउंटरवर दाखवावी लागते, परतीच्या तिकिटासकट.

व्हिसा आल्यावर दिवस लावताना

व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. उन्हाळ्यात डागडुजीसाठीही काही आठवडे बंद ठेवतात. १०७० मध्ये स्थापन झालेलं साहित्यमंदिर (टेंपल ऑफ लिटरेचर, कन्फ्यूशियसचं जुनं मंदिर) तिथून फार लांब नाही, ते त्याच दिवशी उरका. हॉटेलात गेल्यावर पासपोर्ट नोंदीसाठी मागतात. घाबरू नका, परदेशी पाहुण्याची नोंद करणं तिथल्या यजमानाला बंधनकारक आहे.

बुन चा म्हणजे डुकराचं मांस, फो बो गोमांसाचा, फो गा कोंबडीचा. शाकाहारी मंडळींनी ‘आन चाय’ हे दोन शब्द घोकून जावं. त्यातला ‘चाय’ म्हणजे शाकाहार, चहा नव्हे. भाजीच्या ताटातही माशाचा सॉस असतो, ‘नुओक माम नको’ हे फोनमध्ये व्हिएतनामी लिपीत लिहून ठेवा. अंड्याची कॉफी १९४६ साली दुधाच्या टंचाईतून जन्मली. अंडं चालत असेल तर जुन्या हनोईच्या अरुंद जिन्यांवरून वर जाऊन ती प्यायलाच हवी. नोटा देताना मात्र उजेडात बघा, २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या (डाँग हे तिथलं चलन) दोन्ही नोटा निळसरच दिसतात.