सापडलेलं टपाल तिकीट दुर्मीळ आहे का, आणि खरं आहे का?
नौपाडा, ठाणे येथील आमच्या दुकानाचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात आणि पत्र्याच्या पेट्या खाली येतात. त्यातून निघालेल्या तिकिटांच्या वह्या घेऊन घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंतची मंडळी आमच्याकडे येतात. प्रश्न सहसा एकच असतो: "याचे किती येतील?" तो प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी हे तिकीट नेमकं कोणतं, ते खरं आहे का आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरावं लागतं. ते कसं ठरतं आणि त्यात तुम्हाला घरी काय करता येईल, एवढंच या पत्रकात सांगितलं आहे.

काहीही करण्याआधी

तिकीट जसं सापडलं तसंच आणा. ही आमची सगळ्यात मोठी विनंती आहे, कारण जास्तीत जास्त नुकसान सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतं.

तिकीट पाकिटावर किंवा पोस्टकार्डावर चिकटलेलं असेल तर ते तिथेच राहू द्या. पाण्यात भिजवून सोडवणं शाळेत सगळ्यांनीच केलंय, आणि साध्या तिकिटांना त्याने काही होत नाही. पण काही जुन्या शाया पाण्यात उतरतात. जम्मू-काश्मीर संस्थानाची काही तिकिटं तर जलरंगात छापलेली आहेत, ती पाण्यात घातली की संपलीच. शिवाय पाकिटावर गावाचा शिक्का असतो, तारीख असते, टपालाचा मार्ग कळतो, दर कळतो. कधी कधी तिकीट पाच रुपयांचं आणि पाकीट पाच हजारांचं असा प्रकार असतो. कात्रीने कोपरा कापून तिकीट वहीत लावण्याच्या सवयीने आपल्याकडचा कितीतरी टपाल इतिहास रद्दीत गेला आहे.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. मागचे जुने हिंज (तिकीट वहीत लावायच्या कागदी चिकटपट्ट्या) ओढून काढू नका, त्याबरोबर कागदाचा थर निघतो आणि तिकीट तिथे पातळ होतं. डाग खोडरबराने पुसू नका. आणि कृपया लॅमिनेट करू नका. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण लॅमिनेट केलेली तिकिटं येतात, आणि त्यांच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही. तिकीट बोटांनी न उचलता चपट्या टोकाच्या चिमट्याने उचला, साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि ते पाकीट पुस्तकात घालून आणा.

जुनं आहे म्हणून दुर्मीळ?

नाही. जगातलं पहिलं चिकटतिकीट, इंग्लंडचं १८४० मधलं पेनी ब्लॅक, सुमारे ६ कोटी ८० लाख छापलं गेलं. त्याला किंमत आहे, कारण मागणी मोठी आहे, पण ते दुर्मीळ मात्र नाही. भारतात १ ऑक्टोबर १८५४ रोजी देशभर तिकिटं सुरू झाली. त्यातलं अर्ध्या आण्याचं निळं तिकीट आजही साध्या अवस्थेत सहज मिळतं.

ठाणेकर फार प्रेमाने आणतात ते १६ एप्रिल १९५३ चं दोन आण्यांचं रेल्वे शताब्दीचं तिकीट. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्याला शंभर वर्षं झाली म्हणून ते निघालं. आपल्या गावाचं तिकीट म्हणून जरूर जपा, पण ते भरपूर आहे. तसंच १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेचं. या मालिकेत नऊ पैशांच्या तिकिटावर आपल्या घारापुरीची त्रिमूर्ती आहे (हे पैसे म्हणजे जुन्या हिशेबातल्या पै), आणि एक आण्यावर बोधिसत्त्व आहे. ही मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली होती, १९५० मध्ये ती सुलट करून पुन्हा छापली. छपाईतली चूक म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. पण चुकीची आवृत्ती रीतसर पोस्टात विकली गेली, लाखो लोकांनी वापरली. चूक मौल्यवान ठरते ती फार थोड्या प्रती बाहेर पडल्या तरच.

अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या आखाती अमिरातींच्या नावांची चकचकीत मोठी तिकिटं, त्यावर चित्रकारांची चित्रं, अंतराळवीर, ऑलिम्पिक, आणि कोपऱ्यात अगदी नीटस शिक्का: हीही तुमच्या वहीत असणारच. साठ-सत्तरच्या दशकात ती मुख्यतः संग्राहकांच्या पाकिटांसाठीच छापली गेली. शिक्काही छापखान्यातच बसायचा, म्हणून "वापरलेल्या" तिकिटाच्या मागे गोंद जसाच्या तसा सापडतो. मुलांना द्या, मजा येईल. त्याच सुमाराची भूतानची १९७२ मधली, प्लेअरवर लावली की खरोखर वाजणारी तबकडीची तिकिटं मात्र निघाली तर ती बाजूला ठेवा. ती लोक विचारत येतात.

कागद, दाते, शाई

तिकिटाबरोबर घरातली गोष्ट येते: पणजोबा इंग्रज साहेबाकडे नोकरीला होते, काका आफ्रिकेत होते. आम्ही ती आवडीने ऐकतो, पण तपासणीत तिला जागा नाही. तपासणी होते ती मोजता येणाऱ्या खुणांची.

पहिली खूण दात्यांची. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात हा परफोरेशनचा आकडा. त्यासाठीचं परफोरेशन गेज स्वस्त मिळतं आणि छंद सुरू करणाऱ्याने भिंगाच्याही आधी तेच घ्यावं. कॅटलॉगमध्ये (तिकिटांचे तपशील आणि किमती देणाऱ्या सूचीत) १४ लिहिलंय आणि तुमच्या तिकिटाला साडेबारा भरतंय, तर एकतर ते वेगळं तिकीट आहे किंवा दाते नंतर कुणीतरी पाडलेत.

दुसरी खूण कागदातल्या वॉटरमार्कची, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेल्या पुसट चिन्हाची. भारताच्या तिकिटांत १८६५ पासून हत्तीचं डोकं दिसतं, १८८२ पासून एक तारा. पंचम जॉर्जची तिकिटं आधी लंडनला छापली जात आणि त्यांच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एकच तारा असे. नाशिक रोडचा छापखाना सुरू झाल्यावर १९२६ पासूनच्या कागदात तारेच तारे आले. समोरून दोन्ही तिकिटं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून वही उलटी करून बघायची सवय लावून घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर पालथं ठेवून तिरप्या उजेडात बहुतेक वॉटरमार्क दिसतो. नाही दिसला तर वॉटरमार्क फ्लुइड लागतं, पण ते घरी वापरू नका. पेट घेणारं असतं आणि काही शाया त्यात विरघळतात.

तिसरी खूण अतिनील दिव्याखाली दिसते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालणं साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालं. व्हिक्टोरिया राणीचं तिकीट दिव्याखाली नव्या शर्टासारखं चमकलं, तर पुढे फारसं बघायचं उरत नाही. याच दिव्याखाली पुसलेली पेनाची सही उमटते. सप्तम एडवर्डच्या १५ आणि २५ रुपयांच्या तिकिटांचा वापर टपालापेक्षा महसुलासाठी जास्त झाला. त्यांच्यावरची सही धुऊन वर टपालाचा खोटा शिक्का मारण्याचा धंदा जुना आहे. मागचा गोंदही नव्याने लावतात. छिद्रांच्या कडेला गोंदाचे ओघळ दिसले की समजावं, कारण मूळ तिकिटाला गोंद आधी लागतो, दाते नंतर पडतात.

ज्या तिकिटांच्या नकली जास्त येतात

बापूंचं दहा रुपयांचं तिकीट सगळ्यात पुढे. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींच्या स्मरणार्थ दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं निघाली. छपाई स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात, फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने झाली. दाते साडेअकरा. "बापू" हे नाव हिंदीत आणि उर्दूत आहे. दहा रुपये तेव्हा सामान्य घरात तिकिटावर घालण्याची रक्कम नव्हती, म्हणून ते कमी विकलं गेलं आणि पुढे महागलं.

घरी भिंगाखाली बघताना चेहऱ्यावरच्या छटा बघा. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये गडद-फिकट फरक शाईच्या थराच्या जाडीने येतो, त्यामुळे गालावरून कपाळाकडे जाताना रंग सलग उतरतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलीत तीच छटा लहानमोठ्या ठिपक्यांनी तयार होते. ठिपके दिसले तर उत्तर मिळालं. ठिपके दिसले नाहीत तर मात्र एवढ्यावर खरं समजू नका, दाते मोजा, आकार मोजा, कागद बघा.

याच चार तिकिटांचे १०० संच गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी "सर्व्हिस" असा ओव्हरप्रिंट करून, म्हणजे तयार तिकिटावर वरून अक्षरं छापून, दिले गेले. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हापासून "सर्व्हिस" लिहिलेली तिकिटं अचानक खूप घरांत सापडू लागली आहेत! ओव्हरप्रिंटचा त्रास असा की तिकीट खरं असू शकतं आणि वरची अक्षरं खोटी. साधं तिकीट घ्यायचं, वर सात अक्षरं छापायची, किंमत कैक पटीने वाढते. संस्थानी तिकिटांचंही तेच: ग्वाल्हेर, पतियाळा, चंबा यांची तिकिटं म्हणजे ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव. ग्वाल्हेरच्या तिकिटावरची नागरी अक्षरं तर आपल्याला वाचता येतात, म्हणून ती खरी वाटतात. वाचता येणं आणि तपासणं वेगळं. अक्षरांची लांबी, दोन ओळींतलं अंतर, शाई शिक्क्याच्या वर आहे की खाली, हे सगळं बघावं लागतं.

१८५४ चं चार आण्यांचं तिकीट दोन रंगांत आहे, लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं. दोन वेळा छापताना काही कागद उलटे गेले आणि डोकं उलटं आलं. अशा मोजक्याच प्रती जगात माहीत आहेत आणि त्या भारताच्या सर्वांत प्रसिद्ध तिकिटांत मोडतात. आमच्याकडे उलट्या डोक्याचं म्हणून आलेलं तिकीट आम्ही आधी जोडकामासाठी बघतो, म्हणजे डोकं कापून उलटं चिकटवलंय का ते. सुलट चार आणेही चांगली किंमत देतं, मात्र त्याला चारही बाजूंनी समास हवा. त्याकाळी दाते नव्हते, लोक कात्रीने कापत, आणि कित्येकांनी ते हौसेने अष्टकोनी कापून ठेवलं आहे.

सिंध डाकबद्दल थोडक्यात. १ जुलै १८५२ ला तिथला ब्रिटिश आयुक्त बार्टल फ्रिअर याने सिंधमध्ये सुरू केलेली ही अर्ध्या आण्याची गोल तिकिटं आशियातली पहिली. लाल लाखेची इतकी ठिसूळ की अखंड राहिली त्यांचंच आश्चर्य. लाल अखंड तिकीट, कुठेही तडा नाही, सुटं, आणि स्वस्तात: असं असेल तर घेऊ नका.

प्रमाणपत्र म्हणजे काय

आमच्या दुकानात होते ती प्राथमिक तपासणी: मोजमाप, दिवा, भिंग, कॅटलॉगशी ताळा. त्याचा लेखी अहवाल तुम्हाला मिळतो. तो प्रमाणपत्र नव्हे. मोठ्या किमतीच्या तिकिटासाठी बाजारात मान्य होणारं प्रमाणपत्र तज्ज्ञ समितीचं लागतं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची समिती १८९४ पासून हे काम करते. न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशनही करतं. समितीकडे खऱ्या-खोट्या नमुन्यांचा मोठा संग्रह असतो, अनेक जण स्वतंत्रपणे मत देतात, आणि तुमच्या तिकिटाचं छायाचित्र लावलेला कागद मिळतो. उत्तर तीनपैकी एक असतं: खरं, खोटं, किंवा "मत देता येत नाही". तिसऱ्या उत्तराने लोक चिडतात, पण ते प्रामाणिक उत्तर आहे.

समितीचं महत्त्व कळायला ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट पुरेसं आहे. १८७३ मध्ये बारा वर्षांच्या व्हर्नन व्हॉन या मुलाला ते घरातल्या कागदांत सापडलं. त्याने ते सहा शिलिंगला विकलं. २०१४ मध्ये त्याच तिकिटाला लिलावात सुमारे ९५ लाख डॉलर आले. जगात त्याची एकच प्रत आहे. १९९९ मध्ये जर्मनीत दुसरी सापडल्याचा दावा झाला, काही जाणकारांनी ती खरी मानलीही. लंडनच्या समितीने ती दोनदा तपासली आणि चार सेंटच्या तिकिटावर फेरफार करून बनवलेली आहे असं सांगितलं.

परदेशी समितीकडे पाठवायचं तर शुल्क, विमा, कस्टम्सची कागदपत्रं आणि काही महिन्यांची वाट, असा सगळा खर्च आहे. अपेक्षित किंमत या खर्चाच्या कैक पट नसेल तर आम्ही पाठवू नका असंच सांगतो. दोन-तीन हजारांच्या तिकिटाला लंडन दाखवण्यात अर्थ नाही. आणखी एक: कॅटलॉगमधली किंमत म्हणजे उत्तम अवस्थेतल्या तिकिटाची दुकानातली विक्री किंमत. तुम्ही विकायला जाल तेव्हा त्याच्या बऱ्याच खाली हात येईल, आणि समासाला कात्री लागली असेल तर आणखी खाली.

आमचा एक नियम आहे. जे तिकीट आम्ही तपासतो ते आम्ही विकत घेत नाही. तपासणारा आणि घेणारा एकच असेल तर त्याच्या मतावर तुम्ही विश्वास का ठेवावा? तुम्ही ते कुठेही विका, अहवाल तुमचाच.

पावसाळ्यात

ठाणे-नवी मुंबईच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत गोंद सुटतो, कोरी तिकिटं एकमेकांना चिकटतात आणि तपकिरी बुरशीचे ठिपके येतात. वह्या आडव्या न ठेवता उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून वाळवा. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकचे खिसे टाळा, ते शाई ओढतात. चिकटलेली कोरी तिकिटं सोडवायचा प्रयत्न करू नका, तशीच जोडीने आणा.

तपासणीचं शुल्क काउंटरवरच्या फलकावर आहे, आणि तिकीट नुसतं बघून "हे साधं आहे" एवढंच सांगायचं असेल तर ते आम्ही फुकट सांगतो. मोबाइलवरच्या फोटोवरून मत देत नाही, कारण फोटोत दाते मोजता येत नाहीत आणि कागदाची पाठ दिसत नाही. संग्रह मोठा असेल तर आधी फोन करून वेळ घ्या. तिकीट ठेवून जायचं असल्यास तुमच्यासमोर त्याच्या दोन्ही बाजूंचं छायाचित्र काढून, त्यावर दोघांच्या सह्या करून पावती दिली जाईल. ती पावती आणल्याशिवाय तिकीट परत दिलं जात नाही, घरच्या माणसालाही.