लिनक्सवर माऊस बदलला की फाइल लिहावी लागते का?

नाशिकमध्ये जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घेणाऱ्यांना अजूनही बजावले जाते की, कीबोर्ड किंवा माऊस बदलला की ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ ही पडदा, कीबोर्ड आणि माऊसच्या सेटिंगची फाइल हाताने लिहावी लागते. एके काळी हे खरे होते; त्या फाइलीत माऊसचा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकाशी बोलण्याची पद्धत, चुकला, तर पडद्यावरचा बाण सैरभैर धावत असे, आणि ती धास्ती बहुधा तेव्हापासूनच टिकून आहे. मात्र पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या आणि कीबोर्ड-माऊस हाताळणाऱ्या ‘एक्सऑर्ग सर्व्हर’ या प्रोग्रॅमच्या २००७ मधील १.४ आवृत्तीपासून चालू संगणकाला जोडलेले उपकरण आपोआप ओळखण्याची सोय आली आणि २०१० मधील १.८ आवृत्तीपासून लिनक्सवर त्यासाठी यूडेव्ह या उपकरणांची दखल घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार घेतला जाऊ लागला. आज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उपकरण ओळखतो, यूडेव्ह त्याची वर्दी देतो आणि बहुतेक ठिकाणी लिबइनपुट हे सॉफ्टवेअर त्याच्या हालचालींचा अर्थ लावते.

मराठीसाठी अक्षरे छापलेला वेगळा कीबोर्डही लागत नाही. कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे हे सॉफ्टवेअर ठरवते, त्यामुळे सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी निवडणे पुरेसे असते.

गोल पिनांचा जुना पीएस/२ कीबोर्ड मात्र चालू यंत्राला जोडण्यासाठी बनवलेलाच नव्हता. तो संगणक बंद करून जोडावा, हा दुकानदारांचा सल्ला रास्तच आहे.