धार्मिक विवाह आणि जोडीदाराचा व्हिसा (अमेरिका)

अमेरिकेबाहेर केवळ धर्मविधीने लागलेल्या लग्नावर नवऱ्याला किंवा बायकोला ग्रीन कार्ड मिळू शकते का, याचे उत्तर अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा बव्हंशी दुसऱ्या देशावर सोपवतो. लग्न जिथे लागले तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर आय-१३० अर्जासाठीही, म्हणजे जोडीदाराला अमेरिकेत आणण्यासाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करायच्या अर्जासाठीही, ते वैध धरले जाते. विधी कोणत्या धर्माचा, याला महत्त्व नाही.

त्यामुळे तेच विधी सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळे ठरू शकतात. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार रूढीतले विधी झाले की लग्न झाले. त्यांत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होते. नोंदणी राहिली म्हणून ते बाद होत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तिथे हिंदू वधूवरांनी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सह्या केल्या नसतील, तर नुसत्या मंगलाष्टकांनी कायद्याच्या दृष्टीने लग्न लागत नाही.

वैधता आणि पुरावा मात्र वेगळे. लग्नपत्रिका, भटजींचा दाखला आणि अल्बम यांच्यावर व्हिसा अधिकाऱ्याचे समाधान होत नाही. विवाह निबंधकाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात ते १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली मिळते, आणि लग्नानंतर बऱ्याच काळानेही नोंद करता येते.

उलट बाजूचा घोटाळा अधिक अवघड. व्हिसाच्या घाईत आधी नोंदणी उरकायची आणि मांडव सहा महिन्यांनी घालायचा, ही पद्धत सुशिक्षित घरांतही रुळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले की विधीच झाले नसतील तर हिंदू विवाह कायद्याखालच्या नोंदणीने लग्न निर्माण होत नाही. व्हिसासाठी होणाऱ्या अशा नोंदणीचा उल्लेखही निकालात आहे. ज्यांना सही आधी हवी त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण धार्मिक विधींची गरज नसते.

काही लग्ने मूळ देशात वैध असूनही अमेरिकेत चालत नाहीत. पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह हे ठळक उदाहरण. भारतातल्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने तो वैध असला तरी दुसऱ्या बायकोला त्यावर व्हिसा मिळत नाही. वधूवर समोरासमोर नसताना, म्हणजे वकिलामार्फत किंवा व्हिडिओ कॉलवर लागलेला निकाहही मानला जात नाही. मात्र त्यानंतर दोघांचा शरीरसंबंध आला असेल तर हा अडसर दूर होतो.

नोंदणी नाही म्हणून वाग्दत्तासाठीच्या के-१ व्हिसाकडे वळणाऱ्यांची पंचाईत निराळीच होते. हा व्हिसा अविवाहितांसाठी असतो. हार, मंगळसूत्र आणि सप्तपदीचे फोटो पाहून अधिकारी ‘तुमचे लग्न झालेच आहे’ असे म्हणू शकतो, आणि प्रमाणपत्राअभावी पतीपत्नी म्हणूनही अर्ज अडतो.