पहिल्या रात्रीचे ५२ प्रश्न

गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात नव्याने आणलेला एक मुलगा जेवणाचं ताट ढकलतो, शिव्या देतो; त्याच्या नावापुढे ‘उद्धट’ अशी नोंद होते. दुसरा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याचा कुणाला त्रास नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकतही नाही. नैराश्य या दोघांनाही असू शकतं. किशोरवयात ते पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीतून बाहेर पडतं, आणि नुसत्या नजरेला ते कळत नाही.

म्हणून मानसिक आरोग्याची प्राथमिक चाळणी लावतात. अमेरिकेत थॉमस ग्रिसो आणि रिचर्ड बार्नम यांनी तयार केलेली ‘मेसी-२’ ही अशीच एक प्रश्नावली. १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ५२ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, वेळ साधारण १० मिनिटं. राग, नशा, उदासी, आत्महत्येचे विचार, पूर्वी सोसलेले आघात यांबरोबर शरीराच्या तक्रारीही त्यात विचारतात. डोकेदुखीचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण ‘मला भीती वाटते’ हे मेला तरी न सांगणारा मुलगा छातीत धडधडतं हे मात्र सांगून टाकतो. वाचता येत नसेल, तर संगणक हेडफोनमधून प्रश्न ऐकवतो.

याची गरज किती मोठी आहे, ते शिकागोत दिसलं. तिथल्या बालबंदीगृहात १९९५ ते १९९८ दरम्यान १,८२९ मुलामुलींच्या मुलाखती झाल्या. मुलग्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश आणि मुलींपैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांना किमान एक मानसिक विकार होता.

चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. नुकतंच पकडून आणलेलं पोर अस्वस्थ असणारच. त्यामुळे काहींच्या बाबतीत धोक्याची घंटा उगाच वाजते. ती खरी की खोटी, हे तज्ज्ञाने मुलाशी निवांत बोलूनच ठरवायचं. आत्महत्येच्या प्रश्नांना ‘हो’ आलं, तर मात्र त्याच दिवशी कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसलं पाहिजे. कागद फाइलमध्ये लावून ठेवायचा असेल, तर मुलाला असले प्रश्न विचारणंच क्रूरपणाचं आहे, असं मला वाटतं.

आणि नशेच्या प्रश्नाला दिलेला ‘हो’ उद्या खटल्यात आपल्याच विरुद्ध वापरतील, अशी धास्ती असली तर मुलगा सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे उत्तरं कोण वाचणार आणि कोणाला ती कधीच दाखवली जाणार नाहीत, हे त्याला पहिल्या प्रश्नाआधी, त्याला कळेल अशा शब्दांत सांगायला हवं, आणि ते पाळायलाही हवं.