ती चौकोनी टाकी 1886 ची नाही

पुणे–मिरज मार्गावरच्या एका लहान स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीचा फोटो सध्या सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. खाली ओळ आहे : 'ब्रिटिशकालीन टाकी, 1886. आजही ठणठणीत!' मिरज जंक्शनचं मॉडेल करायला घेतलेल्या एका मित्राने तोच फोटो मला पाठवला आणि विचारलं, ही टाकी या मार्गाच्या मूळच्या कंपनीच्या, म्हणजे सदर्न मराठा रेल्वेच्या, पहिल्या दिवसांच्या देखाव्यात चालेल ना? नाही चालणार. टाकी चौकोनी आहे, भिंती एकाच मापाच्या चौरस पत्र्यांच्या आहेत आणि प्रत्येक पत्र्यावर दाबून काढलेली फुली आहे. एवढ्यावरच 1886 बाद होतं.

1880 च्या दशकात या मार्गाचं काम चाललं होतं, हे खरं. म्हणून मार्गाचं साल टाकीला चिकटवायचं, ही आपली सवय. पण टाक्या गंजतात, बदलतात, मोठ्या होतात, एका स्टेशनातून उचलून दुसरीकडे उभ्या राहतात. टाकीचं मूळ शोधायचं तर आधी तिचे सांधे बघायचे. त्यामागचं कारण पाण्याच्या दाबात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे.

शाळेत शिकलो ते आठवा : पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकी किती ऐसपैस आहे यावर नाही. 3 मीटर खोल पाण्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 3 टन भार भिंतीला बाहेर ढकलत असतो. आता 4 मीटर व्यासाची गोल टाकी घ्या. भिंत सगळीकडून सारखीच बाहेर ढकलली जाते. तिला वाकायला जागाच नाही, ती फक्त ताणली जाते. हा ताण काढायला दाब गुणिले त्रिज्या भागिले पत्र्याची जाडी, एवढंच गणित पुरतं. पत्रा 6 मिलिमीटरचा असेल तर ताण येतो दर चौरस मिलिमीटरला जेमतेम 10 न्यूटन. साधं पोलाद 250 न्यूटनच्या आसपास कायमचं ताणलं जायला लागतं. म्हणजे ताकदीच्या हिशेबाने याच्या दशांश जाडीचा पत्राही पुरला असता. बाकीची जाडी गंजासाठी, आणि सांध्याची कड बोथट छिन्नीने ठोकून पाणबंद करता यावी म्हणून.

तोच 6 मिलिमीटरचा पत्रा सपाट ठेवा. 4 फूट बाय 4 फूट, चारही कडा घट्ट धरलेल्या, दाब तोच. आता पत्रा मधोमध बाहेर फुगायला बघतो आणि कडांपाशी वाकतो. वाकण्याचा ताण दाबाबरोबर वाढतो, लांबीच्या वर्गाने वाढतो आणि जाडीच्या वर्गाने घटतो. आकडे घातले की कडेच्या मध्यावर साधारण 370 न्यूटन निघतात. गोल टाकीच्या सदतीस पट! पोलादाची मर्यादा कधीच ओलांडली.

चौकोनी टाकी करणाऱ्याला म्हणून काहीतरी युक्ती काढावी लागते. जुनी युक्ती बिडाची : जाड ओतीव फरशा, मागे बरगड्या, कडांना बोल्टसाठी पट्टी आणि टाकीच्या आत समोरासमोरच्या भिंती धरून ठेवणाऱ्या सळया. बीड दाबाला खंबीर, ताणाला कच्चं, त्यामुळे जाडी आणि वजन दोन्ही वाढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरी युक्ती आली. पोलादी पत्रा तापवून प्रेसमध्ये दाबायचा, कडा वळवायच्या आणि मधला भाग फुलीच्या आकारात उठावदार करायचा. वजन तेच राहतं, पण पत्र्याची 'खोली' वाढते, आणि ताठपणा खोलीबरोबर झपाट्याने वाढतो. गोठ्यावरचा पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ का, याचं उत्तर हेच. असा एक पत्रा सत्तर-ऐंशी किलोचा. रचून वॅगनमध्ये घालायचा, चार माणसांनी उचलायचा, पान्याने आवळायचा. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला ठोकायच्या जाड खिळ्या, तापवायला भट्टी नको की लोहार नको. इंग्लंडच्या ब्रेथवेट कंपनीचं नाव या पत्र्यांशी जोडलं गेलं. 1913 मध्ये ती भारतात आली आणि 1976 मध्ये सरकारी मालकीची झाली. तेव्हा फुलीचा पत्रा दिसला म्हणजे टाकी इंग्लंडची असंही समजू नका, ती स्वातंत्र्यानंतर कलकत्त्यात झालेली असू शकते.

गोल, रिव्हेटच्या टाकीचं वय मात्र फक्त रिव्हेटवरून सांगता येत नाही. ती पद्धत एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत चालली. वेल्डिंगचा सलग सांधा दिसला तर बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचं काम. रिव्हेटच्या टाकीचं साल काढायला तिच्याखालचे खांब कामी येतात. पोलादाच्या गर्डरवर तो लाटणाऱ्या गिरणीचं नाव उठावात असतं : डॉर्मन लाँग म्हणजे इंग्लंडमधलं मिडल्सब्रो, टिस्को म्हणजे जमशेदपूर. टाटांचं पोलादच 1912 मध्ये निघालं, म्हणजे टिस्को वाचलं की त्याआधीचं साल संपलं. खांब जुन्या रुळांचे असतील तर आणखी मजा. रुळाच्या कुशीवर गिरणी आणि साल दोन्ही वाचायला मिळतं. पण ते साल रूळ लाटल्याचं असतं. तो आधी मार्गावर झिजला, मग खांब झाला. टाकी त्यानंतरची, किती नंतरची ते रूळ सांगत नाही. अक्षरं रंगाच्या थरांखाली बुजलेली असतात. टॉर्च पत्र्याला लगटून आडवा धरला की ती उठतात. अर्थात स्टेशन मास्तरांना विचारून.

'आजही ठणठणीत' या ओळीबद्दलही दोन शब्द. याच ग्रुपांवर 'ब्रिटिश कंपनीचं पत्र आलं, पुलाची मुदत संपली' ही गोष्टही दरवर्षी पावसाळ्यात येते. कंपनीचं नाव, पत्राची तारीख, पत्राचा फोटो यातलं काहीच कधी नसतं. पोलादाला साहेब आणि देशी यातला फरक कळत नाही. रंग वेळेवर लागला की ते टिकतं, नाही लागला की गंजतं.

मित्रासाठी हिशेब मात्र सोपा झाला. फुलीचा पत्रा 4 फुटी, म्हणजे फोटोतच फूटपट्टी मिळाली. लांबीत पाच, रुंदीत चार आणि उंचीत दोन पत्रे असतील तर टाकी 20 बाय 16 बाय 8 फूट, पाणी सुमारे 72 हजार लिटर. मॉडेलच्या 1:87 मापात एक पत्रा 14 मिलिमीटरचा. मिरजेला एकेकाळी तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तीन मापं, होते, आणि याच मापात ब्रॉड गेज 19.3, मीटर गेज 11.5, तर बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचा नॅरो गेज 8.8 मिलिमीटर येतो. बाजारातला 9 मिलिमीटरचा रूळ नॅरोला, 12 चा मीटरला चालून जातो. ब्रॉडला बहुतेक जण 16.5 चाच वापरतात आणि गाडी जरा उभट दिसते. बार्शी लाइट मिरजेला 1927 मध्ये पोचली, ब्रॉड गेज तर स्वातंत्र्यानंतर. तिन्ही गेज एकत्र दाखवायचे तर देखावा त्यानंतरचाच धरावा लागेल, आणि मग ही चौकोनी टाकी खुशाल उभी करावी.