वर्षाला एकच अंडं

एखाद्या जातीचे पक्षी किती आहेत, एवढ्यावरून ती जात टिकेल की संपेल हे कळत नाही. वर्षाला किती पिल्लं वाढून मोठी होतात आणि तेवढ्याच काळात किती मोठे पक्षी मरतात, हे बघावं लागतं. लावा एका खेपेला सात-आठ अंडी घालते, त्यामुळे एखादं वाईट वर्ष ती भरून काढते. एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला ते जमत नाही.

उत्तर अमेरिकेतली प्रवासी कबुतरं एके काळी 3 ते 5 अब्ज होती, असा अंदाज आहे. पण घरट्यात अंडं एकच. एकोणिसाव्या शतकात थवा कुठे उतरला याची बातमी तारेने जाई, शिकारी रेल्वेने पोचत आणि मारलेले पक्षी पिंपांत भरून शहरांत विकायला जात. घरटी चालू असतानाच शिकार होई, त्यामुळे मोठे पक्षी आणि पिल्लं एकदमच गेली. जंगलंही तुटत होती. शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

डोडोचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. डच खलाशी 1598 मध्ये मॉरिशसला उतरले आणि 1662 नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. माणसांनी तो खाल्ला हे खरं, पण जमिनीवरच्या घरट्यातलं अंडं खाणारे डुकरं, माकडं आणि उंदीर त्याला जास्त भोवले. उत्तर अटलांटिकमधला ग्रेट ऑक हा न उडणारा समुद्रपक्षीही एकाच अंड्याचा. त्याची शेवटची जोडी 1844 मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर संग्राहकांसाठी मारली गेली.

मराठवाड्यात हाच हिशेब गिधाडांना लागू होतो. गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर बसणारी गिधाडं आजच्या पोरांनी पाहिलेलीच नाहीत. भारतात 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. जनावराची सूज आणि ताप उतरवण्यासाठी टोचलेलं डायक्लोफिनॅक हे त्याचं कारण. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. डायक्लोफिनॅकने गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, ते आम्ल बाहेर पडत नाही आणि काळीज-यकृतावर खडूसारखा पांढरा थर चढतो. औषध टोचल्यावर लवकरच मेलेलं जनावर खाल्लं की काही दिवसांत गिधाड मरतं. विषारी मढी शंभरात एकाहूनही कमी असली, तरी एवढी घट होऊ शकते, असं 2004 मधल्या गणिताने दाखवलं. एका मढ्यावर अनेक गिधाडं जेवतात आणि प्रत्येक गिधाड वर्षभरात कितीतरी मढ्यांवर जातं. त्यात पिल्लू अंडी घालायच्या वयाला यायला पाचेक वर्षं लागतात.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी 3 मिलीची केली गेली. किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक या गिधाडांना तशाच घातक औषधांवर जनावरांसाठी 2023 मध्ये बंदी आली. गाय देवणी असो की लाल कंधारी, इंजेक्शन देण्याआधी कुपीवरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक आम्ल मागा. ही दोन्ही गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत. बंदीतलं औषध दिलेलं जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.

तुळजापूरला लागून असलेल्या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. तिथेही तो आता क्वचितच दिसतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, पावसाळ्याच्या सुमारास. 27 दिवसांच्या आसपास ते उबवावं लागतं आणि पिल्लू वर्षभर आईमागे फिरतं. नर 15 किलोपर्यंत भरतो; डोळे बाजूला असल्याने समोरची विजेची तार त्याला उशिरा दिसते आणि एवढ्या वजनाला झटकन वळता येत नाही. मोकळा माळ पडीक समजून त्यावर झाडं लावण्याचा उत्साहही त्याच्या मुळावर येतो, कारण त्याला दूरवर दिसणारं गवत हवं असतं.

पावसाळ्याच्या दिवसांत माळावर जनावरं चारताना कुत्री सोबत नेऊ नका. अंड्यावरची मादी उठली, तर फोटोसाठी न थांबता आल्या वाटेने मागे फिरा आणि वनविभागाला 1926 वर कळवा.